सात वर्षांची खाडाखोड

नंदुरबार
६ नोव्हेंबर २०२५

चि. काजल,

आधी 'मा. संचालक महोदया' असं लिहिलं होतं. पत्र तुझ्या दिल्लीच्या ऑफिसात जाणार, कुणीतरी शिपाई फोडणार, म्हणून. मग तो कागद फाडला. लहान बहिणीला महोदया म्हणणं माझ्यानं होत नाही.

चौदा वर्षांनी लिहिते आहे. आईच्या दहाव्याला तू म्हसावदला आलीस, ओट्यावर पाठमोरी बसलीस आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेलीस. तेव्हा बोललो नाही तर आता काय बोलायचं, असं तू म्हणशील. म्हण, पण पत्र पुरतं वाच.

मागच्या महिन्यात पेपरात तुझा फोटो आला होता. दिल्लीतली कसलीशी परिषद, मागं बॅनर, 'परराष्ट्र धोरणात स्त्री-पुरुष समानता'. पुढच्या रांगेत नऊ कोटवाले, आणि तू डावीकडून शेवटची, अर्धी कापलेली. समानतेची चर्चा चांगलीच रंगली असणार. तरी मी तो फोटो स्टाफरूमच्या फळ्यावर लावला. कुणी विचारलं तर सांगते, धाकटी बहीण, वरचेवर फोन असतो तिचा. इतकं खोटं चालतं.

आता कामाचं. स्टेशनच्या अलीकडे नजीरभाई पिंजारी राहतात, गाद्या-रजया भरतात. त्यांची थोरली मुलगी गुलशन माझी विद्यार्थिनी. दहावीला गणितात गेली, लग्न झालं, दीड वर्षात तलाक झाला, मग मिरच्या वाळवायच्या पथारीवर देठ खुडायला जायची. दिवसभर ठसका, रात्रभर खोकला. गेल्या वर्षी फेब्रुवारीत ती आखातात घरकामाला गेली, रीतसर, सगळे शिक्के घेऊन. पहिले सहा महिने बरे गेले. मग मालकिणीनं फोन काढून घेतला, पासपोर्ट तर पहिल्या दिवशीच घेतला होता. हात उचलायलाही लागली. या ऑक्टोबरात गुलशन कचरा टाकायला म्हणून खाली उतरली आणि टॅक्सी करून थेट आपल्या वकिलातीत गेली. सध्या तिथल्या आसऱ्यात आहे.

मालकानं तिकडं उलट तक्रार दिली आहे की बाईचे कागद खोटे, वय खोटं. वकिलात म्हणते, भारतातून कागदांची खात्री होऊन येऊ दे, मग घरी पाठवू. वयात काहीतरी कारकुनी चूक असेल, शाळांच्या रजिस्टरात अशा चुका पैशाला पासरी असतात, तुला माहीत आहे. तू त्याच खात्यात आहेस. एक फोन कर. माझ्यासाठी नको करूस, तिच्यासाठी कर.

ताई
(चारुलता)


२८ नोव्हेंबर २०२५

काजल,

तुझं उत्तर मिळालं. तीन ओळी, टाईप केलेल्या, सही तुझ्या सेक्रेटरीची. 'संबंधितांनी पोर्टलवर तक्रार नोंदवावी.' अगं, संबंधितांनी ती पहिल्याच दिवशी नोंदवली. नजीरभाईंना लिहिता येत नाही, मीच नोंदवली. नंबर आला, नंबराच्या पुढं काही आलं नाही.

मी पोळले आहे, म्हणून आज जरा तिखट लिहीन. तुमचा नियम मला तोंडपाठ झाला आहे. दहावी न झालेली बाई तीस वर्षांच्या आत असेल तर तिला तिकडं घरकामाला जाता येत नाही. का, तर तिचं रक्षण. गुलशनचा भाऊ अझरुद्दीन, तोही दहावी नापास, एकविसाव्या वर्षी त्याच देशात गाडी चालवायला गेला. त्याला वय कुणी विचारलं नाही. दोन वर्षांनी आला, मोबाईलचं दुकान टाकलं, आता मला भर रस्त्यात 'मॅडम, चहा' म्हणून हाक मारतो. त्याचं रक्षण करावंसं सरकारला का वाटलं नाही? तिथल्या उन्हात ट्रक चालवणाऱ्याला काही होत नाही का? त्या परिषदेत हा प्रश्न कुणी विचारला होता का, की नऊ कोटांनी जेवून हात धुतले?

गुलशन कधीकधी दुसरीच्या फोनवरून आवाज पाठवते. परवाचा ऐकून मी खुर्चीत बसूनच राहिले. म्हणाली, "मॅडम, आठे एक खोलीमा बाराजनी शेतस. बठ्ठ्यासनी वाट देखी देखी डोया पांढरा व्हयी ग्यात. मन्हा कागद कवय येतीन?" कागद कधी येतील, एवढंच विचारते. घरी सांगू नका म्हणते की मनगट अजून वळत नाही.

मंगळवारी भूपेश आला होता, इथल्या पोलीस ठाण्यात पासपोर्टचं काम बघतो, माझाच विद्यार्थी. तुमच्याकडून चौकशी आली आहे म्हणे, शाळेचं जनरल रजिस्टर बघायचं आहे. मी सांगितलं, बाइंडिंगला गेलं आहे. तर ते येईपर्यंत थांबायला लागेल. तेवढ्यात तू वरून काही करू शकलीस तर रजिस्टराची वेळच येणार नाही.

ताई


१७ डिसेंबर २०२५

काजल,

रजिस्टर बाइंडिंगला गेलेलं नाही. माझ्या केबिनमधल्या कपाटात आहे आणि कपाटाची चावी माझ्या पर्समध्ये आहे. भूपेश दुसऱ्यांदा आला तेव्हाही मी तेच सांगितलं. त्यानं चहा घेतला, माझ्या पाया पडला आणि गेला. त्या पोराला इयत्ता सहावीत खोटं बोलला म्हणून मी वर्गाबाहेर उभं केलं होतं.

आता लिहिते ते सरळ लिहिते. गुलशनचं वय मी बदललं.

तुला ठाऊकच आहे, आपल्याकडं शाळेत पोर घालायला आई येते आणि जन्मतारीख विचारली की म्हणते, कपाशी वेचायच्या वेळी झाला. मग गुरुजी एक जून लिहितात. गुलशनच्या वर्गात बावन्न पोरं होती, त्यातली एकतीस एक जूनची. मीही एक जूनचीच. तू एक जूनची नाहीस, कारण तुझ्या वेळेला आप्पांनी पंचायतीत नोंद केली होती. गुलशनची तारीख होती एक जून दोन हजार. मी ती एक जून एकोणीसशे त्र्याण्णव केली. ब्लेडनं खरवडलं, वर लिहिलं, नवा दाखला दिला, शिक्का मारला. दाखल्यावरून आधार बदललं, आधारावरून पासपोर्ट निघाला. माझ्या रजिस्टरात ती सतराव्या वर्षी पाचवीत बसली आहे. आजवर तीन तपासण्या झाल्या, कुणाच्या लक्षात आलं नाही.

ती माझ्याकडं आली तो दिवस मला लख्ख आठवतो. शाळा सुटली होती. अंगाला मिरचीचा वास, डोळे लाल. मी आधी साफ नाही म्हटलं. तिकडं काय काय होतं ते सांगितलं, पेपरातली कात्रणं दाखवली. ती म्हणाली, "मॅडम, माले कोन्ही लई नही जाई ऱ्हायनं, मीच जाई ऱ्हायनू. सात वरीस वाढाई द्या ना, तुमनं काय जाई?" मी म्हटलं, माझी नोकरी जाईल. तर म्हणाली, एजंट म्हणतो दाखला नसला तरी चालेल, फिरायच्या व्हिसावर नेतो, दोन विमानं बदलून. तसं गेलं तर कुठंच नोंद नाही, मेली तरी कळायचं नाही. दाखला असला तर सरकारच्या वहीत नाव तरी राहील. मला तिचं म्हणणं पटलं. मला वाटलं, मी तिला चोरवाटेवरून उचलून सरळ रस्त्यावर ठेवते आहे.

आणि दुसरं कारण आहे, ते तुला न सांगता पत्र पुरं होत नाही. नव्याण्णव साली आप्पा म्हणाले, चुडामण पाटलाच्या मुलाशी काजलचं ठरलं आहे, पण ती सोळाची, दाखल्यावर अठरा पाहिजेत. मी तेव्हा म्हसावदच्या शाळेत नवी होते, अक्षर चांगलं म्हणून दाखले मीच लिहायची. मी ना रडले ना भांडले. लिहून दिले अठरा. तू पेटीत तो दाखला बघितलास आणि पहाटेच्या एसटीनं धुळ्याला गेलीस. तू आप्पांना माफ केलंस, त्यांच्या आजारपणात दोनदा आलीस. मला केलं नाहीस. बरोबर केलंस. आप्पांना वाटत होतं ते तुझं भलं करताहेत, मला तसंही वाटत नव्हतं. मला फक्त त्यांच्या आवाजाची भीती वाटत होती. म्हणून ही पोर स्वतःच्या पायानं निघाली होती तेव्हा मला वाटलं, एकदा तरी वय वाढवून कुणाला मोकळं करावं.

आता ऐक. गुलशननं कागद खोटे केलेले नाहीत, मी केले. ती भारतीय आहे, नजीर पिंजारी यांची मुलगी आहे, पंचवीस वर्षांची आहे. सोबत शंभराच्या स्टॅम्पपेपरवर हे सगळं लिहून, सही करून पाठवते आहे. हे तुझ्या हातानं फाईलला लाव. एकदा हे लागलं की खात्री पुरी झाली, ती वकिलात तिला एका फेरीचा कागद देऊन विमानात बसवेल. मागची शिक्षा मला होऊ दे. मेअखेर मी निवृत्त होते, पेन्शन गेली तर शिकवण्या घेईन.

स्टॅम्पपेपर साध्या टपालानं नाही, स्पीड पोस्टानं पाठवते आहे.

ताई


११ जानेवारी २०२६

काजल,

स्टॅम्पपेपर पोचून तीन आठवडे झाल्यावर आज तुझा फोन आला, तो ठेवल्यापासून घरात नुसत्या येरझाऱ्या घालते आहे. सव्वीस वर्षांनी तुझा आवाज ऐकला आणि पहिलंच वाक्य काय, तर "ताई, तू काय करी बठनी!" दिल्लीत एवढी वर्षं काढून तुझी अहिराणी गेली नाही याचा मला आनंद झाला, मग तू पुढचं बोललीस.

तू बोललीस ते मी नीट समजून घेतलं का, हे बघण्यासाठी इथं लिहिते. फोनवर मी नुसतं हं हं करत होते.

तू म्हणालीस, पाच वर्षं तू एकच टिपण घेऊन फिरते आहेस. तिशीची अट काढा, बाई सज्ञान असेल तर पुरुषाला जो नियम तोच तिला, आणि रक्षण करायचं तर तिकडच्या मालकांवर अटी घाला, इकडच्या मुलींवर नको. चार वेळा ते परत आलं. दर वेळी शेरा एकच, स्त्रियांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीनं इष्ट नाही. खोलीत अकरा जण, त्यात बाई तू एकटी, आणि बाकीचे दहाही जण सांगतात की आम्हालाही मुली आहेत. आता तेवीस जानेवारीला पाचवी बैठक. या खेपेला पहिल्यांदाच वरचे साहेब तुझ्या बाजूचे आहेत. आणि त्याच आठवड्यात माझा स्टॅम्पपेपर फाईलला लागला तर? तू म्हणालीस, "एका मुख्याध्यापिकेनं वय वाढवून मुलगी पाठवली, तीही माझी सख्खी बहीण. ते म्हणतील, बघा, अट असून ही गत, नसती तर काय? अट काढायची राहील बाजूला, पस्तीस करतील."

मी विचारलं, मग गुलशन? तू आधी तारखा मोजल्यास. मग म्हणालीस, "बारा दिवस, ताई. ती आसऱ्यात आहे, छताखाली आहे, खायला मिळतं. तेवीसची बैठक होऊ दे, चोवीसला मी तुझा कागद स्वतः लावते. हा नियम गेला तर तिच्यासारख्या हजारोजणींना तुझ्या ब्लेडची गरज पडणार नाही."

हजारोजणी. तो शब्द तू म्हटलास. मी हो म्हटलं.

आता खरं सांगते, काजल, हो म्हणताना मला सुटल्यासारखं वाटलं. बारा दिवस अजून मी मुख्याध्यापिका, बारा दिवस अजून लोक पाया पडणार. हजारोजणींचा विचार मी केला असं तू समजू नकोस. तू केला असशील, तुझं काम ते आहे.

संध्याकाळी नजीरभाईंच्या घरी गेले. त्यांना सांगितलं, दिल्लीत माझ्या बहिणीनं लक्ष घातलं आहे, महिनाअखेर काम होईल. त्यांनी कापूस पिंजायचं थांबवून हात जोडले. त्यांची बायको वारल्यापासून घर धाकटी अलिशा बघते, तिनं मला शेवयांची खीर दिली. ती मी खाल्ली.

ताई


२ फेब्रुवारी २०२६

काजल,

तुझा मेसेज चोवीसला आला, 'विषय अधिक अभ्यासासाठी पुढे ढकलला.' बस्स, एवढाच. कुणाला अभ्यास करायचा आहे? गुलशनचा करा म्हणावं.

तुझ्यावर ओरडायला पत्र लिहायला घेतलं नाही. तुलाही लागलं असेल. पाच वर्षांचं काम एका ओळीत पुढं ढकललं की माणसाला काय होतं, ते मी तुझ्या त्या एका ओळीत वाचलं. तुला इकडचं ठाऊक नाही, म्हणून लिहिते.

एकवीस तारखेला, म्हणजे तुझ्या बैठकीच्या दोन दिवस आधी, मालकाचा माणूस आणि तिकडचा एक वकील आसऱ्याच्या दारात आले. म्हणाले, कागद खोट्याची तक्रार मागं घेतो, तू परत चल. नाहीतर वयाची तपासणी होईल, डॉक्टर हाडं तपासतील, मग तुरुंग. वकिलातीतला माणूस म्हणाला, तुझी खात्री अजून आलेली नाही, मी तुला अडवू शकत नाही आणि पाठवूही शकत नाही. तू सज्ञान आहेस, तुझं तू ठरव. तिनं साडेतीन महिने वाट बघितली होती. खोलीतल्या बाराजणींपैकी सात घरी गेल्या होत्या, कारण त्यांचे कागद आले. हिचे आले नाहीत, कारण ते तुझ्या टेबलाच्या खणात होते.

तिनं अंगठा नाही, सही केली. 'माझी कसलीही तक्रार नाही. मी स्वखुशीने कामावर परत जात आहे.' तिच्याबरोबरची एक केरळची बाई घरी पोचल्यावर तिनं अलिशाला फोन करून हे सगळं सांगितलं. म्हणाली, जाताना गुलशननं सगळ्यांचे कपडे घडी करून ठेवले, आणि विचारत होती की आज इंडियाचं टपाल येतं का.

त्या दिवसापासून तिचा काही निरोप नाही.

तू पंचवीसला मला लिहिलंस की आता कागद लावते. लावू नकोस. नीट ऐक, मी हे तीनदा विचार करून लिहिते आहे, इथल्या एका वकिलालाही विचारून आले. आता ती त्या घरात आहे ती बत्तीस वर्षांची बाई म्हणून. मालकानं तक्रार मागं घेतली ती त्याच वयावर. आज माझा कागद लागला तर तिचा पासपोर्ट रद्द होईल, मालक पुन्हा तक्रार करेल, आणि आता ती आसऱ्यात नाही, त्याच्या स्वयंपाकघरात आहे. डिसेंबरात ज्या कागदानं ती घरी आली असती, त्याच कागदानं आता तुरुंगात जाईल.

मला गुन्हा कबूल करायची सोयसुद्धा राहिली नाही. मी दिवसभर शाळेत असते, परीक्षांची वेळापत्रकं लावते, पोरांना ओरडते, आणि घरी आले की चपलांसकट पलंगावर पडून राहते. दोष निम्मा तुझा म्हणायला मला फार आवडलं असतं. पण तू बारा दिवस मागितलेस आणि मी दिले. त्याआधी मी तीन आठवडे रजिस्टर बाइंडिंगला पाठवलं होतं. ते तीन आठवडे तुझे नाहीत.

नजीरभाईंना मी अजून काही सांगितलेलं नाही. ते विचारतात, दिल्लीचं काय झालं. मी सांगते, चालू आहे.

ताई


३० मे २०२६

काजल,

आज शाळेतला शेवटचा दिवस. सुट्टीमुळं शाळा रिकामी, निरोप समारंभ एप्रिलातच उरकला. शाल दिली, जिल्हा परिषदेतून शिक्षणाधिकारी आले होते, त्यांनी भाषणात सांगितलं की मॅडमनी कित्येक मुलींचं आयुष्य घडवलं. मी मान खाली घालून बसले, लोकांना वाटलं विनय.

तुला शेवटची बातमी कळवायची आहे. गेल्या आठवड्यात गुरुवारी नजीरभाई घरी आले. असे ते कधी येत नाहीत, आले तर दारात उभे राहतात. त्या दिवशी आत येऊन खुर्चीवर बसले. म्हणाले, "मॅडम, पोरना फोन उंथा." चार महिन्यांनी. दीड मिनिट. मालकीण शेजारी उभी असावी, कारण गुलशन मधूनच वेगळ्या भाषेत काहीतरी म्हणत होती. ती म्हणाली की आणखी दोन वर्षांचा करार झाला आहे, तब्येत बरी आहे, अलिशाचं लग्न थांबवू नका. नजीरभाईंनी विचारलं, घरी कधी येशील. त्यावर ती हसली म्हणे. मग म्हणाली, "अब्बा, मॅडमले सांगजा, आते काहीच करू नका. कोन्ही इचारं ते मी बत्तीसनीच शे असं सांगजा. त्यास्ले तेवढं जरूर सांगजा."

नजीरभाई हे सांगून माझ्याकडं बघत राहिले. त्यांनी विचारलं, "बत्तीसनी कशी व्हयी ती, मॅडम? ती ते दोन हजारना साले नही का..." आणि बोटं मोजायला लागले. त्या क्षणी मी त्यांना सगळं सांगितलं. ब्लेड, दाखला, स्टॅम्पपेपर, बारा दिवस, सगळं. मला वाटलं ते ओरडतील, शिव्या देतील, थुंकतील. मी त्याची वाट बघत होते. ते म्हणाले, "मॅडम, तुम्हीन तिले जाऊ दिधं. मी ते जाऊच देत नव्हतू." आणि पाणी मागितलं. मी पाणी दिलं. पिऊन उठून गेले. ती शिवी होती की आणखी काही, मला अजून कळलेलं नाही.

सोमवारी भूपेश आला. नवा करार झाला म्हणून तुमच्याकडून पुन्हा चौकशी आली आहे, आता शेवटचीच. म्हणाला, मॅडम, आता तरी रजिस्टर आलं का? मी कपाट उघडलं, रजिस्टर काढलं, पान उघडून त्याच्यासमोर ठेवलं. खरवडलेली जागा सरळ दिसते, काजल. कागद तिथं पातळ झाला आहे. भूपेशनं तिथं बोट ठेवलं, माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, बरोबर आहे, एक जून त्र्याण्णव. त्यानं छापील कागद पुढं केला, 'सदर नोंद मूळ रजिस्टरप्रमाणे खरी आहे.' तीन वर्षांपूर्वी मी ही लबाडी केली तेव्हा ती पोर माझ्यासमोर उभी होती, तिला हवं होतं म्हणून केली. आता तिलाच हवं होतं म्हणून पुन्हा केली. मी सही केली, शिक्का मारला. मुख्याध्यापिका म्हणून तो माझा शेवटचा शिक्का.

काल स्पीड पोस्टानं नजीरभाईंच्या नावानं दिल्लीहून पाकीट आलं. ते घेऊन ते माझ्याकडं आले, वाचून दाखवा म्हणाले. मी चष्मा लावून वाचलं. चौकशी पूर्ण झाली आहे. सदर महिला सज्ञान असून तिची कागदपत्रे वैध आहेत. ती स्वेच्छेने सेवेत असल्याचे तिने लेखी कळवले आहे. प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.

नजीरभाईंनी विचारलं, निकाली म्हणजे येई का ती?

मी नाही म्हटलं.

मग त्यांनी विचारलं, खाली सही कोणाची आहे. तुझी होती. मी म्हटलं, कुणी मोठ्या साहेबांची आहे, वाचता येत नाही.

ताई